निखाऱ्यांना धूर नसतो

*ताई, आमचं गाव जिंतूर तालुक्यात. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, पौषात दिवस भरतात. मागल्या साली बांधलेली स्लॅबची खोली तिला दिलीय. पुढं ओसरी, मधे पत्र्याचं माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर. चूल आणि गॅस दोन्ही तिथंच. माजघराच्या दुसऱ्या अंगाच्या खोलीत यंदाचा कापूस भरून ठेवलाय, भाव वाढायची वाट बघतोय. लेकानं पुण्याहून दोन अलार्म आणले, एक धुराचा आणि एक कार्बन मोनॉक्साइडचा. धुराचा स्वयंपाकघरात लावला तर प्रत्येक फोडणीला बोंबलायला लागला, म्हणून त्यातले सेल काढून ठेवले. दुसऱ्यावरून घरात वाद चाललाय. दीर म्हणतात हा गॅस जड असतो, जमिनीलगत लावा. जावई म्हणतात गॅसच्या शेगडीवर लावा. सासूबाई म्हणतात काही लावू नका, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागणारच, ते यंत्र रात्रभर ओरडत बसेल. त्यांची सात बाळंतपणं तशीच झाली. त्यात लेकीच्या अंघोळीसाठी न्हाणीत गॅसचा गिझर बसवायचं चाललंय. मी काय करू?*

*— होणारी आजी*

ताई, आधी ते काढून ठेवलेले सेल परत घाला. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आता तुमच्या वादाचा निकाल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लेकीच्या खोलीत जाईल, तिच्या उशापासून तीन-चार हातांवर भिंतीला, बाजेवर झोपलेल्या माणसाचं तोंड येतं साधारण त्या उंचीला. धुराचा अलार्म स्वयंपाकघरातून निघेल आणि माजघरात वर, पत्र्याच्या थोडा खाली लागेल. दिरांचं म्हणणंही बरोबर नाही, जावयांचंही नाही. सासूबाईंच्या बोलण्यात मात्र अर्धी गोष्ट खरी आहे. बाजेखाली शेगडी असली तर ते यंत्र ओरडेलच. ते ओरडायलाच हवं.

माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण आमच्या घरी झालं तेव्हा मी शाळेत होते. थंडी कडाक्याची होती. आईनं बाहेर अंगणात बाभळीचे निखारे फुलवले, धूर पार जाऊ दिला आणि मगच शेगडी आत नेली. तिच्या परीनं तिनं काळजीच घेतली होती. खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं, दार ओढून घेतलं. पहाटे बहीण उठली ती डोकं धरून, पाठोपाठ उलटी. शेजारी निजलेल्या मावशीचंही डोकं जड झालेलं. बाळ दूध ओढेना. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, कुणी म्हणालं बाहेरचं वारं लागलं. त्या सगळ्या गडबडीत दार उघडं राहिलं, आणि दोघी-तिघी सावरल्या. शेगडीचं नाव तेव्हा कुणीच घेतलं नाही. कितीतरी वर्षांनी या वायूबद्दल वाचलं तेव्हा मला त्या पहाटेचा अर्थ लागला. त्या पहाटे दार उघडं राहिलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीनं लिहितेय.

निखाऱ्यांना धूर नसतो. आपली सगळी समजूत इथंच चुकते. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणून माणूस उठून दार उघडतं. लाल निखारा शांत दिसतो. पण कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि बंद खोलीत हवा कमी पडत जाते तसा तो वाढतच जातो. त्याला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. मग श्वास चालू असतो आणि तरी अंगाला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, हातापायातलं बळ जाणं. झोपेत असलेल्या माणसाला यातलं काही कळतही नाही. मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतं, तान्हं बाळ ४० ते ६०. एकाच खोलीत, एकाच रात्री बाळाच्या वाट्याला काय येतं याचा हिशेब तुम्हीच करा.

धुराचा अलार्म या वायूला ओळखत नाही. त्याला धुराचे कण लागतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म धुराला ओळखत नाही. आणि या दोघांपैकी एकालाही सिलिंडरची गळती कळत नाही. जावयांना हेच नीट समजावून सांगा, कारण गॅसच्या शेगडीवर लावला की सगळ्याचं भागलं असं पुष्कळांना वाटतं.

दिरांचा गोंधळ कुठून आला तेही माझ्या ध्यानात येतंय. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. तो गळला तर जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, म्हणून त्याचा गळती-अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात. तीच गोष्ट त्यांनी इथं लावली. पण कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेइतकंच आहे. हवेचं २९ धरलं तर याचं २८. तो खाली बसत नाही आणि छतालाही चिकटत नाही, खोलीभर मिसळून जातो. म्हणून माणूस जिथं श्वास घेतं ती उंची धरायची. कपाटामागे, पडद्याआड, खिडकीच्या अगदी शेजारी, पंख्याच्या सरळ झोतात लावू नका. तिथं खोलीतली खरी हवा यंत्रापर्यंत पोचत नाही. बाळाच्या पाळण्यालाही बांधू नका, हा अलार्म कानठळ्या बसवतो.

हा अलार्म लगेच वाजत नाही हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री कुणीतरी म्हणेल, “बघा, शेगडी आहे आणि यंत्र गप्प आहे, म्हणजे काही धोका नाही.” युरोपी मानकाचा अलार्म असेल तर हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असताना तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत, ३०० झाले तर तीन मिनिटांच्या आत. मोठ्या माणसाच्या रक्तात घातक प्रमाण साठण्याआधी उठवणं एवढं त्याचं काम आहे. आत शेगडी ठेवायला परवानगी देणं हे त्याचं काम नव्हे. आणि तो नीट चालतो का ते बघायला शेगडी आत नेऊ नका, त्यावरचं बटण त्यासाठीच असतं.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, कारण त्या खोटं बोलत नाहीत. त्यांची बाळंतपणं कुठल्या घरात झाली ते आठवा. जुन्या माळवदाच्या घराला उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी वर भोक ठेवलेलं असायचं. लाकडी दाराच्या फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी असायच्या. भिंत आणि छत जिथं मिळतात तिथूनही हवा खेळायची. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जड छताखाली निजायची भीती आपल्या लोकांच्या मनात बसली. मग पत्रे आले, स्लॅब आले. स्लॅबच्या खोलीला सरकत्या काचांच्या खिडक्या असतात, दार चौकटीला घट्ट बसतं. शेगडी तीच, निखारे तेच, हवा जायची वाट मात्र बुजली. सासूबाईंना हे असं सांगून बघा. त्यांचा अनुभव खरा आहे, घर बदललंय. माझ्या आईला हे पटलं होतं.

आणि शेक नको असं मी म्हणत नाहीये. शेगडी अंगणात किंवा उघड्या ओसरीत पेटवा, तिच्यावर फडकी गरम करा, दुपडी-चादरी ऊन करा आणि कपडे आत न्या. ओवा-शेपांची धुरी द्यायचीच असेल तर बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून, दार-खिडकी उघडी टाकून, थोडा वेळ. मी तर म्हणेन बाळाच्या नाकापर्यंत कुठलाच धूर जाऊ देऊ नये. बाळाला ऊब लागते ती टोपडं, पायमोजे आणि आईच्या उघड्या छातीवर निजवून वरून पांघरूण घातलं की पुष्कळ मिळते. सरकारी दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांसाठी हेच करायला शिकवतात. गरम पाण्याची पिशवी वापराल तर फडक्यात गुंडाळून आणि बाळाच्या अंगापासून लांब. बाजेखालच्या शेगडीचा आणखी एक धोका आहे. लोंबणारी गोधडी. तिच्या टोकाला ठिणगी लागायला कितीसा वेळ लागतो?

खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का, हा पुढचा प्रश्न येईल. तान्ह्या बाळाच्या खोलीत मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. रात्री दोन वाजता कुणाला तरी गारठा लागतो आणि खिडकी बंद होते.

आता धुराचा अलार्म. स्वयंपाकघर ही त्याची जागा नव्हेच. चूल किंवा गॅसपासून दहा फुटांच्या आत तो लावला की फोडणीला ओरडणार, मग आपण चिडून सेल काढणार, आणि खऱ्या आगीच्या रात्री तो मुका राहणार. तुमच्याकडे हेच झालं. न्हाणीच्या दारापासूनही तीन फूट लांब ठेवा, वाफेलाही तो धूर समजतो. देवघरासमोर नको. डासांची कॉइल लावता तिथं वरती नको.

धूर वर जातो, म्हणून हा अलार्म वर लागतो. स्लॅबच्या खोलीत तो छताच्या मधोमध लावला तर उत्तम, फक्त पंख्याच्या पात्यांपासून तीन फूट सोडून. भिंतीवर लावायचा तर छतापासून चार इंच ते एक फूट खाली. भिंत आणि छत जिथं मिळतात त्या कोपऱ्यातली हवा हलत नाही, तिथं धूर उशिरा पोचतो, म्हणून ते चार इंच सोडायचे. पण तुमचं माजघर पत्र्याचं आहे आणि तिथं गोष्ट वेगळी होते. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो. हळूहळू वर येणारा धूर त्या थराखालीच अडकतो, पत्र्याला टेकत नाही. म्हणून पत्र्यालाच अलार्म अडकवू नका. उतार जिकडे उंच आहे त्या बाजूच्या आतल्या भिंतीला, पत्र्यापासून अर्धा ते एक फूट खाली लावा. शिवाय आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. किती उष्णतेपर्यंत यंत्र चालतं ते खोक्यावर लिहिलेलं असतं, काहींची मर्यादा ३८ अंशांचीच असते. उन्हाळ्यात कूलर लावलात की त्याचा झोत अलार्मवर जाणार नाही हेही बघा.

माजघरात कुठं, तर कापसाच्या खोलीच्या दाराकडून लेकीच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर. तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला शेगडीखालोखाल कशाची भीती वाटली असेल तर त्या कापसाची. भाव पडलेला असताना घरात कापूस ठेवण्यावाचून शेतकऱ्याला दुसरा मार्ग नसतो, हे मी जाणते. पण कापूस भडकण्याआधी आतल्या आत धुमसतो. ढिगात गेलेली ठिणगी कितीतरी वेळ बाहेर दिसत नाही, आणि वरून पाणी मारून विझल्यासारखा वाटलेला ढीगही आत पेटलेलाच राहू शकतो. आणि धुमसणारा कापूस कार्बन मोनॉक्साइडही सोडतो. त्या खोलीत उघडा बल्ब नको, ढिगाला टेकलेला बोर्ड नको, मोबाइल चार्जिंगला नको, बिडी घेऊन कुणी आत नको. ढीग बल्बच्या होल्डरपासून आणि वायरींपासून लांब सरकवा, शक्य असेल तर त्या खोलीची वीज बाहेरूनच तोडून टाका. पऱ्हाट्या आणि तुराट्याही चुलीशेजारी न रचता घराबाहेर लांब रचा. आणि खरं मनातलं सांगू? लेक बाळंत व्हायच्या आत कापूस दुसऱ्या जागी हलवता आला, अर्धा विकता आला, तर मला जास्त बरं वाटेल.

अशा धुमसणाऱ्या आगीला फोटोइलेक्ट्रिक जातीचा अलार्म लवकर ओळखतो. लेकानं आणलेल्या खोक्यावर तो शब्द आहे का बघा. कापसाच्या खोलीतच का लावत नाही, असं तुम्ही विचाराल. तिथले तंतू आणि धूळ आठ दिवसांत यंत्रात भरतील, मग ते उगाच वाजेल किंवा वाजणारच नाही. लावायचाच झाला तर एक वेगळा घ्या आणि दर आठवड्याला मऊ ब्रशनं झाडा.

लेकाला आणखी एक धुराचा अलार्म आणायला सांगा, तो लेकीच्या खोलीत छताला लावा. दार बंद करून झोपलेल्या माणसापर्यंत माजघरातला धूर उशिरा पोचतो आणि आवाजही दबून जातो. म्हणून खरं तर प्रत्येक झोपायच्या खोलीत एक आणि बाहेरच्या वाटेवर एक, असा नियम धरतात. एकदम सगळं होत नाही, मला कळतं. पण बाळ असलेली खोली पहिली. आणताना भिंतीच्या प्लगवर चालणारा आणू नका. आपल्याकडे लाईट गेली की तो बंद, आणि चूल-शेगडी-जनरेटर नेमके तेव्हाच पेटतात. सेलवर चालणाराच घ्या. जनरेटर असेल तर तो अंगणातही खिडकीपासून लांब चालवायचा, ओसरीत कधीच नाही.

इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी लेकीच्या खोलीत ठेवू नका. आम्लाची बॅटरी जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते, आणि कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र त्यालाही फसून वाजतं. पण म्हणून वाजल्यावर “इन्व्हर्टरच असेल” असं म्हणत पडून राहू नका. आधी बाहेर या, मग शोध घ्या.

गिझरचं ऐका, कारण यात जीव जातात आणि दरवर्षी हिवाळ्यात तशा बातम्या वाचायला मिळतात. न्हाणी केवढीशी असते? त्यात गॅस जळतो, दाराला कडी, खिडकी बंद, आत ओली बाळंतीण. काही मिनिटांत चक्कर येऊन माणूस पडतं आणि बाहेर कुणाला कळत नाही. गॅसचा गिझर न्हाणीत बसवूच नका. बाहेरच्या भिंतीला, उघड्यावर बसवा आणि गरम पाणी नळानं आत आणा. मिस्त्री कुरकुर करेल, पाइप जास्त लागतो म्हणेल. लागू द्या. न्हाणीत अलार्म लावून हा प्रश्न सुटत नाही, वाफेनं यंत्र खराब होतं. गिझर बाहेर बसेपर्यंत अंगणातला बंब काय वाईट आहे? पाणी तिथं तापवा आणि बादलीनं आत न्या.

अलार्म वाजला तर घरात कुणी काय करायचं हे आत्ताच बोलून ठेवा. लेकीजवळ निजणारी बाई बाळाला उचलेल, लेक तिच्याबरोबर निघेल, सगळे अंगणात. कार्बन मोनॉक्साइडचा वाजला असेल तर वाटेत दारं उघडी टाकत यायची, धुराचा वाजला असेल तर मागची दारं ओढून घेत यायची. पण शेगडी विझवायला, दागिने घ्यायला, कापूस वाचवायला कुणी आत थांबायचं नाही. अंगणात माणसं मोजा. आग असेल तर १०१ किंवा ११२, कुणाचं डोकं दुखत असेल, उलटी होत असेल, बाळ सुस्त असेल तर १०८. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की बंद खोलीत निखारे होते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात फसवतं. ते ९८-९९ दाखवेल, कारण कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. खरं प्रमाण रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि उपचार म्हणजे मास्कनं भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तासात निम्मा होतो. म्हणून “बाहेर आल्यावर बरं वाटतंय” एवढ्यावर बाळंतिणीला आणि बाळाला घरी ठेवू नका.

अलार्म न वाजताही एक खूण ध्यानात ठेवा. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतं, शेतात गेलं की थांबतं आणि घरी आलं की परत सुरू होतं, असं झालं तर ती थंडी नाही आणि नजरही नाही.

यंत्राच्या मागे ते बनल्याची तारीख असते, ती वाचा. धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा, कार्बन मोनॉक्साइडचा बहुतेकदा त्याआधीच, त्याचं आयुष्य खोक्यावर लिहिलेलं असतं. अधूनमधून नुसतं “टिक” करायला लागला तर बहुतेक वेळा सेल संपलेले असतात. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं, आणि हे काम सासूबाईंकडे द्या. दर अमावस्येला त्यांनी दोन्ही बटणं दाबायची. तारीख त्या विसरणार नाहीत, आणि ज्या यंत्रावर त्यांचा राग आहे ते त्यांच्याच हाताखाली येईल.

आज संध्याकाळी सेल घालून दोन्ही यंत्रं जागेवर लागली की लेकीच्या खोलीचं दार लावा, पंखा चालू करा आणि आतून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. तुम्ही ओसरीत जिथं निजता तिथं जाऊन पडा आणि ऐकू येतंय का बघा. आलं नाही तर तुमची वाकळ माजघरात हलवा, निदान बाळ महिन्याचं होईपर्यंत.